धर्मगुरूंविना गेलेली वर्षे

आपल्या अहमदनगर जिल्ह्यात, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात, कॅथोलिक धर्माचे बीज 1878 च्या सुमारास, मोठ्या दुष्काळाच्या पाठोपाठ, राहुरी तालुक्यातील केंदळच्या बाजूस पडले. पेरणारे जर्मन जेज्वीट फादर होते. पुढे वळण, संगमनेर आदि ठिकाणी देवळे उभी राहिली, शाळा निघाल्या आणि फादर म्हणजे मायबाप होऊन बसले. यात एक धोकाही होता. मायबापाच्या सावलीत वाढलेले लेकरू उन्हात कसे तग धरील?

ती परीक्षा 1914 साली आली. महायुद्ध पेटताच जर्मन फादर सरकारच्या लेखी शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले. जर्मनांकरिता जी मोठी बंदिछावणी होती ती, काय विलक्षण योग पाहा, नगर शहरीच होती! 1915 च्या नोव्हेंबरात ‘गोलकोंडा’ बोटीने कलकत्त्याहून कित्येक मिशनऱ्यांस स्वदेशी धाडण्यात आले. पुण्याचे बिशप हेन्रिक डोरिंग यांचीही आपल्या कळपाशी ताटातूट झाली. मागे उरलेले थोडे धर्मगुरू एवढ्या गावांस कोठून पुरणार?

अशात 1918 साली पावसाने दगा दिला आणि त्याच वर्षी मानमोडी आली. मरणाऱ्याच्या उशाशी फादर पोहोचणे दुर्घट. अशा वेळी पवित्र सभेची शिकवण हाच आधार. मरणोन्मुख बालकास, फादर नसता, कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. आणि देवप्रीतीने केलेला पूर्ण अनुताप, पापनिवेदनाचा निश्चय मनी असता, पापक्षमा मिळवितो. धर्मशिक्षणाच्या पुस्तकात हे नियम कोरडे भासतात खरे. परंतु रात्री दिव्याच्या उजेडात लेकराच्या मस्तकी पाणी ओतणाऱ्या बापास त्यांचा अर्थ निराळाच उमगला असेल.

यशयाच्या ग्रंथातील गरुडपंखांचा दृष्टान्त बाबेलातील बंदिवानांस उद्देशून आहे, हे आपण पुष्कळदा विसरतो. नवे बळ त्यांस वाट पाहता पाहताच मिळावयाचे होते. आपल्या वाडवडिलांचेही तसेच झाले असावे, असे मला वाटते. मिस्सा नसली तरी जपमाळ घरी होतीच.

बिशप डोरिंग यांस मध्यंतरी जपानात हिरोशिमा प्रांती धर्माधिकारी नेमण्यात आले. 1927 साली, वयाची पासष्टी उलटल्यावर, ते पुण्याचे धर्माध्यक्ष म्हणून पुन्हा परतले. पुढे स्विस फादरही आपल्या गावांत आले. डोरिंगसाहेबांचे देहावसान 1951 साली पुण्यासच झाले.