हरताळ फासला, तरी अक्षर शाबूत!

मंडळी, 'हरताळ फासणे' हा शब्दप्रयोग जुन्या पोथ्यांतला. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधकाचं पिवळं खनिज. चुकलेल्या अक्षरावर त्याचा लेप द्यायचा आणि वर पुन्हा लिहायचं.

पण खालचं अक्षर मरत नाही. काजळाच्या शाईत कार्बन असतो. इन्फ्रारेड कॅमेऱ्यात तो काळाच दिसतो, म्हणून लेपाखालचा मजकूरही बऱ्याचदा वाचता येतो. क्ष-किरण तपासणीत हरताळातलं आर्सेनिक, हिंगुळातला पारा ओळखू येतो, कागदाचा तुकडाही न तोडता. युरोपातली लोहयुक्त शाई कागद खाते. आपली काजळाची शाई खात नाही.

दासबोधाच्या १९व्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. आपल्या महाड तालुक्यातली शिवथरघळ ही त्याची जन्मभूमी मानतात. लिहिलेलं टिकावं, ही काळजी तेव्हाही होती.

आज अलिबाग ते श्रीवर्धन कुणाच्या माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल असतील, तर शाईची चिंता नको, कागदाची करा. आपली दमट हवा म्हणजे बुरशी, कसर आणि वाळवीला आमंत्रणच. लॅमिनेशन नको, चिकटपट्टी नको, कडक ऊनही नको. थुंकी लावून पान तर उलटूच नका, हरताळ विषारी असतो! रुमाल कोरड्या, हवेशीर जागी ठेवा, फोटो काढा, मोडी जाणणाऱ्याला दाखवा.

अक्षर तीनशे वर्षं टिकेल हो, पण कागदच उरला नाही तर वाचणार काय?