काठी, बंदूक आणि पंधरा दिवस

नगर जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांत वर्षातून अनेकदा एक छोटी बातमी येते. मथळा ठरलेला: ‘जिल्ह्यात प्रतिबंधात्मक आदेश लागू’. निमित्त सणाचे, जयंतीचे, मोर्चाचे किंवा निवडणुकीचे. खाली महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) व (३) चा उल्लेख. शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, बंदुका, सुरे, लाठ्या बाळगू नयेत. दगड गोळा करू नयेत. पाच किंवा अधिक माणसांनी परवानगीशिवाय जमू नये. म्हातारपणामुळे काठी टेकणाऱ्याला सूट, लग्नाला आणि अंत्ययात्रेलाही सूट. वाचक पान उलटतो. मीही वर्षानुवर्षे उलटत आलो. पण या चार ओळींत दोन निरनिराळ्या भीती शेजारी बसल्या आहेत. एक हत्याराची, दुसरी गर्दीची. दोन्हींचा जुना इतिहास याच जिल्ह्यात सापडतो.

पहिली भीती डोंगरातली. अकोले भागातल्या राघोजी भांगरे यांनी १८४४-४५ मध्ये इंग्रजांशी झुंज घेतली. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. पुढे १८५७ च्या ऑक्टोबरात नांदूर शिंगोट्याजवळ भागोजी नाईक आणि त्यांच्या भिल्ल साथीदारांशी झालेल्या चकमकीत नगरचा पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री मारला गेला. नांदूर शिंगोटे आज नाशिक जिल्ह्यात असले, तरी नाशिकचा स्वतंत्र जिल्हा १८६९ मध्ये झाला. त्याआधी तो मुलूख नगरच्या कलेक्टरकडे होता. भागोजी स्वतः एकेकाळी नगरच्या पोलिसांत नोकरीला होते. म्हणजे सरकारसमोर उभा राहिलेला माणूस सरकारच्याच चाकरीतला होता. १८५९ च्या नोव्हेंबरात मिठसागरे येथील लढाईत ते पडले.

या काळातच हत्यारे काढून घेण्याचे कायदे आले: पहिला १८५७ चा, दुसरा १८६० चा. त्यांची पक्की घडी बसली ती लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतल्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने. परवान्याशिवाय हत्यार बाळगता येणार नाही, असे त्याने ठरवले, पण गोऱ्या माणसाला त्यातून मोकळे ठेवले. काँग्रेसने आपल्या सुरुवातीच्या वर्षांपासूनच या कायद्याविरुद्ध ठराव केले. कातडीच्या रंगावर बेतलेली ही सूट निघायला १९२० चे नियम यावे लागले.

दुसरी भीती सपाटीवरची. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातल्या भीमथडीच्या सुपे गावी कुणब्यांचा जमाव सावकारांच्या दुकानांवर गेला. लवकरच हे लोण नगर जिल्ह्यात आले. पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांतल्या गावांतून कर्जरोखे मागितले जाऊ लागले. रोखे हाती आले की ते जाळायचे आणि परत फिरायचे. जिथे ते नाकारले गेले तिथेच बहुधा मारहाण, जाळपोळ झाली. या लोकांकडे बंदुका नव्हत्या. परवान्याचा कितीही कडक कायदा असता तरी सुप्याची आग त्याने विझली नसती. सरकारने शेकड्यांनी माणसे पकडली आणि बंडाळीच्या गावांत पोलीस चौक्या बसवल्या.

पण सरकार तेवढ्यावर थांबले नाही, हे इथे महत्त्वाचे. चौकशी आयोग बसला. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कोसळलेले कापसाचे भाव, वाढवलेला शेतसारा, न समजता अंगठा उठवलेले कागद, हे सगळे त्याने नोंदवले. आयोगाचा अहवाल ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला १८७८ मध्ये, म्हणजे शस्त्र कायद्याच्याच वर्षी. पुढच्या वर्षी दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. जमाव उठला होता कर्जामुळे, आणि कायदा शेवटी कर्जाचा झाला. परक्या सरकारलाही एवढे कळले होते.

स्वातंत्र्यानंतर या दोन वाटा पुढे सरकल्या, पण सारख्या वेगाने नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवानाधारकाला बराच आधार दिला. परवाना नाकारला तर कारणे नोंदवावी लागतात, वर अपील करता येते. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक हवी असेल तर त्याचीही त्यात दखल आहे. निवडणुकीत बंदुका जमा करून घ्यायच्या, तर कोणाच्या घ्यायच्या हे जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांची समिती तपासते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि वरातीत बेफिकिरीने बार उडवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंतची शिक्षा सांगितली. या साऱ्यात समोर नाव-गाव असलेला एक माणूस असतो.

गर्दीला नाव नसते. म्हणून तिला नोटीस नाही, सुनावणीही नाही. १९५१ च्या कायद्यात तिच्या बाजूने एकच कुलूप ठेवले आहे: जमावबंदी राज्य सरकारच्या मंजुरीवाचून पंधरा दिवसांपलीकडे चालू ठेवता येत नाही. पण एक आदेश संपला की नवे निमित्त, नवा आदेश. कुलूप जागेवरच असते, फक्त झिजलेले.

त्याने काय होते, ते २६ जानेवारी २०१६ रोजी दिसले. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर जाऊ पाहणाऱ्या भूमाता ब्रिगेडच्या स्त्रियांना पोलिसांनी वाटेतच अडवले. गावाचे नाव पुन्हा सुपे. हे मात्र पारनेर तालुक्यातले. कारण कायदा-सुव्यवस्थेचे. वास्तविक सार्वजनिक देवस्थानात सर्व हिंदूंना प्रवेश देणारा कायदा महाराष्ट्रात १९५६ पासून आहे. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर १ एप्रिल रोजी उच्च न्यायालयाने तोच कायदा दाखवला: मंदिरप्रवेश हा स्त्रियांचा मूलभूत हक्क आहे आणि त्याचे रक्षण करणे हे सरकारचे काम आहे. ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, विश्वस्तांनी चौथरा स्त्री-पुरुष सर्वांना खुला केला. जानेवारीत बंदोबस्त ज्यांच्या वाटेवर लावला होता, कायदा त्यांच्याच बाजूचा होता.

दंगल होऊ नये म्हणून आदेश निघतात, आणि काही वेळा ते निघायलाच हवेत. सणासुदीला नगरच्या चौकात उभ्या राहणाऱ्या शिपायाचे काम सोपे नाही, हे मी जाणतो. पण आदेश गर्दी पांगवतो. ती का जमली होती, हे तो विचारत नाही. १८७५ च्या सुप्यानंतर तो प्रश्न निदान विचारला गेला. १८५७ साली जिल्ह्याच्या हातातली काठी-तलवार धोक्याची वाटत होती, १८७५ साली रिकामे हात. आज जिल्ह्याचे नावही अहिल्यानगर झाले आहे. आदेशाची भाषा मात्र तीच आहे. पुढच्या वेळी ती चार ओळींची बातमी दिसली, तर पान उलटण्याआधी दोन तारखा पाहाव्यात: आदेश कधी सुरू झाला आणि कधी संपतो. त्यांमधले दिवस मोजणे, एवढा पहारा तरी आपल्या हातात आहे.