माध्यमिक शिक्षण, दिव्यांग विद्यार्थ्यांचे (सवलती)
विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांना नववी-दहावीत अभ्यासक्रम व परीक्षेत मिळणारे बदल. पनवेल (जि. रायगड) येथील राज्य मंडळाच्या शाळा मुंबई विभागीय मंडळाकडे येतात, सवलतीचे प्रस्ताव शाळेमार्फत तिकडेच जातात. सर्वांत मोलाची सवलत अध्ययन अक्षम मुलांसाठी आहे : गणिताऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित, जोडीला कार्यानुभव. शिवाय लेखनिक, तासाला वीस मिनिटे जादा वेळ आणि प्रसंगी एखाद्या भाषेतून सूट. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमता व स्वमग्नतेसह एकवीस प्रकार मान्य केले. वर्गातले अध्यापन मात्र बहुधा जुन्याच चाकोरीतले. सवलत परीक्षेपुरती उरते, हा यातील खरा दोष. सवलतीसाठी अधिकृत वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. पालकांनी ते दहावीची वाट न पाहता आधीच काढावे.