औषधाने विषाणू गेला, पण डोक्यातल्या धुक्याची नोंद कोणी ठेवली?

वैद्यकाच्या इतिहासावर संशोधन करायचं ठरवलंत की तुम्हाला आधी रोग भेटतात, मग डॉक्टर, मग संस्था. औषध घेताना माणसाला आतून कसं वाटत होतं, हा प्रश्न आला तर शेवटच्या प्रकरणात येतो, तोही चार ओळींत. आज त्याच चार ओळींबद्दल लिहितोय. उदाहरण घेऊ हेपॅटायटिस सीच्या इंटरफेरॉन उपचारांचं आणि जिल्हा घेऊ वर्धा.

आधी थोडी पार्श्वभूमी. इंटरफेरॉन हा शरीर स्वतःच बनवत असलेला पदार्थ. अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी तो १९५७ साली लंडनमध्ये शोधला. गंमत म्हणजे हेपॅटायटिस सीच्या रुग्णांना तो दिला गेला तेव्हा हेपॅटायटिस सीचा विषाणू सापडलेलाच नव्हता. १९८६ साली अमेरिकेत जे हूफनागल यांच्या गटाने दहा रुग्णांवर त्याचा प्रयोग केला, तेव्हा रोगाचं नाव होतं ‘ए नाही, बी नाही’ असला हेपॅटायटिस. विषाणू ओळखला गेला १९८९ मध्ये. म्हणजे औषध आधी आलं, आरोपी नंतर सापडला.

धुक्याची पहिली ठळक नोंदही विषाणूच्या आधीचीच आहे. १९८७ साली याच वर्तुळातल्या डॉक्टरांनी यकृताच्या जुनाट विषाणूजन्य आजारासाठी इंटरफेरॉन घेणाऱ्या ५८ जणांचा अहवाल छापला. त्यांतल्या दहा जणांना मानसिक त्रास झाला होता. चिडचिड, रडू येणं, भ्रम. त्रास उपचार सुरू झाल्यावर एक ते तीन महिन्यांनी दिसायचा आणि डोस कमी केला की साधारणपणे ओसरायचा. हा अहवाल वाचताना एक गोष्ट तपासा: यात कोण मोजलं गेलं? डॉक्टरला दिसण्याइतका ज्यांचा त्रास वाढला ते. वर्तमानपत्राचा एकच परिच्छेद तीनदा वाचणारा, दुकानात हिशेब चुकणारा, पण कोणाला काही न सांगणारा माणूस या दहांत असेलच असं नाही.

पुढे औषध सुधारत गेलं. १९९८ मध्ये रिबाविरिनच्या गोळ्या जोडीला आल्या, २००१ नंतर आठवड्याला एकच टोचायचं पेगिलेटेड इंटरफेरॉन आलं. भारतात जनुकप्रकार ३ जास्त, त्यामुळे बऱ्याच जणांना २४ आठवडे पुरायचे. प्रकार १ असेल तर ४८. एवढा काळ डोकं जड, झोप उडालेली, लक्ष लागत नाही. कारण काय? एक चांगला समजलेला धागा असा: इंटरफेरॉनमुळे शरीरातलं एक विकर जागं होतं आणि ट्रिप्टोफॅन दुसऱ्याच वाटेला वळवतं. सिरोटोनिन बनायला लागतो तो हाच कच्चा माल.

पण इथे थांबलात तर विषय फार सोपा करून टाकाल. रिबाविरिन तांबड्या पेशी फोडतं, हिमोग्लोबिन घसरतं, आणि रक्त कमी झालेल्या माणसाचंही लक्ष लागत नाही. इंटरफेरॉनने थायरॉइड बिघडू शकतं, त्यानेही मंदपणा येतो. यकृत निबर झालं असेल तर अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो. शिवाय २००१ साली लंडनच्या डॅनियल फॉर्टन आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं की यकृताचा आजार सौम्य असतानाही, हेपॅटायटिस सीच्या रुग्णांच्या मेंदूतल्या रसायनांत फरक दिसतो. म्हणजे संशयित विषाणू स्वतःसुद्धा! मग उपचाराआधीचं धुकं कोणतं आणि नंतरचं कोणतं, हे तुम्ही कसं ठरवणार?

विदर्भात या यादीत आणखी एक नाव येतं, आणि वर्ध्याची निवड मी मुख्यतः त्यासाठी केली. सिकलसेल. या पट्ट्यात सिकलसेलची कुटुंबं पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या अनेकांना आयुष्यात कधी ना कधी रक्त चढवावं लागतं. भारतात रक्तपेढ्यांना हेपॅटायटिस सीची तपासणी सक्तीची झाली ती २००१ मध्ये. त्याआधी रक्त घेतलेल्यांना हा धोका होता, हे वेगळं सांगायला नको. आता पेच बघा. रिबाविरिन तांबड्या पेशी फोडतं म्हणून सिकलसेलच्या रुग्णाला ते वर्ज्य; आणि सिकलसेल स्वतःच मेंदूत न कळणारे बारीक आघात करून एकाग्रतेवर घाला घालतो. अशा रुग्णाने ‘लक्ष लागत नाही’ म्हटलं, तर ती तक्रार कोणत्या रकान्यात जाईल? युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या चाचण्यांचे निकष वाचा. असा रुग्ण त्यांच्या दारातच अडवला जातो.

मोजमापाचा प्रश्नही असाच अडकवणारा आहे. २००५ च्या एका जर्मन अभ्यासात उपचारादरम्यान प्रतिसादाचा वेग मंदावलेला दिसला आणि उपचार संपल्यावर पूर्ववत झाला. २००७ साली अमेरिकेतल्या हॉल्ट-सी या मोठ्या चाचणीतून रॉबर्ट फोंटाना यांच्या गटाने नेमकं उलटं छापलं: उपचारांत उदासी आणि मानसिक त्रास वाढला, पण बौद्धिक चाचण्यांचे गुण घसरले नाहीत. घाईने वाचलं तर वाटेल की रुग्ण उगाच कुरकुरत होते. मला तसं वाटत नाही. तीच चाचणी दुसऱ्यांदा देताना माणूस सरावाने थोडा बरा करतो, त्यात खरी घसरण झाकली जाऊ शकते. आणि शांत खोलीत वीस मिनिटं जोर लावून गुण मिळवणं वेगळं, दिवसभर कापसाचा हिशेब आणि पोरांचा गोंगाट सांभाळणं वेगळं.

त्यातून या चाचण्यांपैकी बऱ्याच शाळा शिकलेल्यांसाठी बनलेल्या. अक्षरं आणि आकडे क्रमाने जोडायला सांगणारी चाचणी अक्षरओळख नसलेल्या शेतमजूर बाईला देऊन काय कळणार? आपल्याकडे हे ओळखून काम झालंय: हरियाणातल्या बल्लभगढमध्ये निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी हिंदी चाचणी तयार झाली, १९९५ मध्ये छापली गेली. पण तिचा उद्देश स्मृतिभ्रंश ओळखणं हा होता. औषधाने आलेलं हलकं धुकं तिच्या जाळीतून सहज निसटेल.

वर्ध्याला औषधं घरोघरी पोचवण्याचा इतिहास जुना आहे. गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन इथे १९५१ साली सुरू झालं. डॉ. आर. व्ही. वर्देकरांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी पद्धत बसवली, कार्यकर्ते डॅप्सोनच्या गोळ्या घेऊन गावोगाव फिरले. १९८१ मध्ये बहुऔषधी उपचारांसाठी देशात अगदी सुरुवातीला निवडलेल्या जिल्ह्यांत वर्धा होता. या औषधांपैकी क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते. शेजारच्यालाही दिसतं, म्हणून ते बोललं जातं आणि नोंदलं जातं. डॅप्सोनने क्वचित मानसिक बिघाड होतो, हेही वैद्यकीय वाङ्मयात आहे. पण कातडीसारखा तो अंगणात उभा राहून दिसत नाही. हेपॅटायटिस सीच्या कागदांकडे जाण्याआधी कुष्ठरोगाचे कागद वाचायचा आग्रह मी धरतो तो यासाठी. कुठला दुष्परिणाम कागदावर चढतो आणि कुठला नाही, याची नजर तिथे तयार होते.

आता घाई कशासाठी, ते सांगतो. सोफोस्बुव्हिरचे स्वस्त भारतीय अवतार २०१५ मध्ये आले. बारा आठवडे गोळ्या, इंजेक्शन नाही, आणि डोक्याला हा त्रासही फारसा नाही. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात त्या मोफत मिळू लागल्या. इंटरफेरॉनचा काळ संपला, चांगलंच झालं. पण तो मराठीत कोणी लिहून ठेवण्याआधी संपला. भरती रुग्णांचे कागद डॉक्टरांनी किमान तीन वर्षं जपावेत, एवढंच २००२ चे नियम सांगतात. म्हणजे २००८ मध्ये इंजेक्शनं घेतलेल्या माणसाचा केसपेपर आज सापडला तर ते नशीब समजा. माणूस मात्र आहे. हिंगणघाटात, आर्वीत, देवळीत, पन्नाशी-साठीचा.

त्याच्याकडे जाल तेव्हा नैतिकता समितीची परवानगी घेऊन जा. आणि ‘धुकं’ हा शब्द स्वतःहून उच्चारू नका. तो इंग्रजीतून आलेला, आपल्यासारख्यांच्या तोंडचा शब्द आहे. तुम्ही ‘डोक्यात धुकं होतं का?’ विचारलंत की समोरचा भिडेखातर ‘हो’ म्हणेल आणि तुमची मुलाखत वाया गेली. त्याला बोलू द्या. कोणी म्हणेल डोकं सुन्न राहायचं, कोणी म्हणेल काही सुधरायचंच नाही, कोणी म्हणेल आलेला माणूस ओळखायचो पण नाव तोंडी यायचं नाही. या तीन वाक्यांचं एकच इंग्रजी भाषांतर करून टाकू नका. ती तीन वेगळी दुखणी असू शकतात. ‘हेपॅटायटिस’ही म्हणू नका. तो ‘कावीळ’ म्हणेल, पण हेपॅटायटिस सीत अनेकांचे डोळे कधी पिवळे झालेलेच नसतात, तेव्हा कोणती कावीळ, हे हळूच विचारून घ्या.

आठवण पंधरा वर्षांची जुनी आहे, म्हणून भावनेपेक्षा वस्तूंपासून सुरू करा. पेगिलेटेड इंटरफेरॉन थंड ठेवावं लागायचं. ते घरी कसं आणलं? फ्रिज कोणाचा? टोचायचं कोण? वार कोणता? दुसऱ्या दिवशी ताप आणि अंगदुखी यायची म्हणून बरेच जण सुट्टीच्या आदल्या रात्री इंजेक्शन घेत. रोजंदारीवर जाणाऱ्याला सुट्टी कुठली? त्याने कोणता वार धरला, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचं काम कोणी केलं, हे विचारा. बहुतेक वेळा उत्तर शेजारी बसलेली बायको देईल. तिचीही संमती आधीच घेऊन ठेवा.