कार्सिनोएम्ब्रियोनिक अँटिजेन

कार्सिनोएम्ब्रियोनिक अँटिजेन (संक्षेप: सीईए) हे एक शर्करायुक्त प्रथिन असून मोठे आतडे व मलाशय यांच्या कर्करोगात सर्वाधिक वापरले जाणारे अर्बुददर्शक (ट्यूमर मार्कर) आहे. रक्तातील त्याचे प्रमाण दर मिलिलिटरमागे नॅनोग्रॅममध्ये मोजतात.

शोध
कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे फिल गोल्ड व सॅम्युएल फ्रीडमन यांनी १९६५ मध्ये मोठ्या आतड्याच्या अर्बुदांत हे प्रथिन शोधून काढले. गर्भाच्या पचनमार्गातही ते असते. जन्मानंतर मात्र अत्यल्प उरते. कर्करोग आणि भ्रूण यांचा हा संबंध त्याच्या नावात आला आहे.

रोगाच्या वाटचालीचा अंदाज
शस्त्रक्रियेपूर्वी प्रमाण ५ पेक्षा अधिक असल्यास रोग पुन्हा उद्भवण्याचा धोका तुलनेने जास्त असतो. अर्बुद पूर्णपणे काढल्यावर ते साधारणतः ४ ते ६ आठवड्यांत सामान्य पातळीवर येते. न आल्यास शरीरात रोग शिल्लक असल्याची शंका घेतली जाते. पुढे ते वाढू लागल्यास, लक्षणे दिसण्यापूर्वीच, यकृतात वा अन्यत्र रोग पसरल्याचा इशारा मिळू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर पहिली २ वर्षे दर ३ ते ६ महिन्यांनी ही चाचणी करण्याची पद्धत आहे.

मर्यादा
धूम्रपान, यकृताचे विकार व आतड्याचा दाह यांमुळेही प्रमाण वाढते. उलट काही अर्बुदे हे प्रथिन फारसे निर्माणच करत नाहीत. त्यामुळे वाढलेला आकडा म्हणजे कर्करोगाचे निदान नव्हे आणि सामान्य आकडा म्हणजे निरोगीपणाची हमीही नव्हे. निदानासाठी आतड्याची दुर्बिणीद्वारे तपासणी व ऊतिपरीक्षा आवश्यक ठरते.