भाडेकरूचे निष्कासन, थकबाकीमुळे

भाडे थकविणाऱ्या भाडेकरूकडून जागेचा ताबा न्यायालयामार्फत परत मिळविण्याची घरमालकाची कायदेशीर कारवाई. महाराष्ट्रात या कारवाईचा इतिहास म्हणजे थकबाकी हा करारभंग मानावा, की भरपाईने दूर होऊ शकणारी कसूर मानावी, या प्रश्नाला विधिमंडळाने वेळोवेळी दिलेल्या उत्तरांचा इतिहास होय.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ अन्वये मासिक भाडेपट्टा पंधरा दिवसांची नोटीस देऊन संपुष्टात आणता येतो. त्यासाठी थकबाकी सिद्ध करावी लागत नाही. मात्र भाडे न दिल्याच्या कारणावरून पट्टा समपहृत झाला असल्यास, सुनावणीच्या वेळी थकबाकी, व्याज व खर्च भरणाऱ्या भाडेकरूस समपहरणापासून मुक्तता देण्याचा अधिकार याच अधिनियमाने न्यायालयास दिला. पुढील सर्व भाडे-कायद्यांतील सवलतीचे बीज या तरतुदीत आढळते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत जागांची टंचाई होऊन भाडी वाढली, तेव्हा १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचे कायदे करण्यात आले. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी १९३९ मध्ये व त्यानंतर १९४४ मध्ये पुन्हा कायदे झाले. त्यांची जागा १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण अधिनियमाने घेतली. सामान्यतः १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हे प्रमाण भाडे ठरले आणि ते व अनुज्ञेय वाढ देण्यास भाडेकरू तयार असेपर्यंत थकबाकीच्या कारणाने ताबा मागता येणार नाही, असे कलम १२ ने ठरविले. भाडे दरमहा देय, प्रमाण भाड्याविषयी वाद नाही, थकबाकी सहा महिन्यांची वा अधिक आणि नोटिशीनंतर महिनाभरात भरणा नाही, अशी स्थिती असल्यास न्यायालय ताब्याचा हुकूमनामा देई. इतर प्रकरणी पहिल्या सुनावणीस रक्कम भरून पुढे नियमित भाडे देणाऱ्यास संरक्षण मिळे. त्यामुळे नोटीस मिळताच महिन्याच्या आत प्रमाण भाडे ठरविण्यासाठी अर्ज करणे हा भाडेकरूचा महत्त्वाचा बचाव ठरला. १९८७ च्या दुरुस्तीने हा भेद काढून टाकून सर्वांनाच नऊ टक्के व्याजासह भरण्याची संधी देण्यात आली. बृहन्मुंबईत हे दावे लघुवाद न्यायालयात चालत. विदर्भात १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाड आदेश, तर मराठवाड्यात १९५४ चा हैदराबाद अधिनियम लागू होता.

भाडे-कायद्याखालील दाव्यासाठी १८८२ च्या अधिनियमाप्रमाणे भाडेपट्टा संपुष्टात आणणारी वेगळी नोटीस आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने धनपाल चेट्टियार प्रकरणी १९७९ मध्ये दिला.

गोठविलेल्या भाड्याचे परिणाम दूरगामी झाले. भाड्याच्या उत्पन्नातून इमारतीची दुरुस्ती परवडेना, पागडीची प्रथा बळावली आणि अल्प थकबाकीचा दावा पुष्कळदा त्या रकमेसाठी नव्हे, तर वाढत्या किमतीच्या जागेसाठी लढला जाऊ लागला. उलटपक्षी, चाळीतील भाडेकरूच्या दृष्टीने एका चुकलेल्या भरण्यात पिढ्यांचे घर पणाला लागे. मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणी १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाडे गोठविणे आता वाजवी राहिले नसल्याचे नमूद केले.

राज्यभर एकच कायदा म्हणून महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्याने भाड्यात वार्षिक चार टक्के वाढ मान्य केली. कलम १५ नुसार लेखी मागणीची नोटीस बजावल्यानंतर नव्वद दिवस उलटल्याशिवाय दावा दाखल करता येत नाही. समन्स बजावल्यापासून नव्वद दिवसांत थकबाकी पंधरा टक्के सरळ व्याजासह भरणाऱ्या आणि दाव्याचा निकाल होईपर्यंत भाडे व न्यायालयाने ठरविलेला खर्च देणाऱ्या भाडेकरूविरुद्ध त्या कारणावरून हुकूमनामा होत नाही. पाणी, वीज यांसारखा आवश्यक पुरवठा पुरेशा कारणाविना तोडून ताबा मिळविण्याचा मार्ग घरमालकास मोकळा नाही. मोठ्या कंपन्या, बँका इत्यादी भाडेकरूंना या अधिनियमाचे संरक्षण नसल्याने त्यांच्याबाबतीत १८८२ च्या अधिनियमाचीच नोटीस लागते.

निवासी जागा परवान्याने देण्याची, म्हणजे ‘लीव्ह अँड लायसन्स’ची पद्धत या विलंबाला पर्याय म्हणून रूढ झाली. मुदत संपताच मालकास सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो व जागा न सोडणाऱ्यास दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक असून नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती न केल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

एका शतकात मुदती व व्याजदर बदलले. परंतु थकबाकी भरण्याची संधी दिल्यावाचून घर काढून घेऊ नये, हे तत्त्व भाडे-कायद्यात टिकून राहिले.