काजूच्या चिकापासून नॅनोनळीपर्यंत

काजूच्या टरफलात जाळीदार पोकळ्या असतात आणि त्यांत तपकिरी, दाहक तेल भरलेले असते. मालवण-वेंगुर्ल्याकडे ओले काजूगर काढताना हाताला राख किंवा खोबरेल लावतात, ते या चिकामुळेच. आंबा आणि बिब्बा ही काजूची भावंडे. बिब्बा उततो त्यामागेही याच जातीची संयुगे असतात.

काजू मूळचा ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तो भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणला आणि कोकणच्या कातळात तो रुजला. टरफलाच्या तेलाचा रासायनिक शोध १८४७ मध्ये सुरू झाला. श्टेडेलर या रसायनज्ञाने त्यातून ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल वेगळे केले. तेल तापवले की या आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डानॉल उरते. कार्डानॉल म्हणजे फिनॉलचे कडे आणि त्याला जोडलेली पंधरा कार्बनची शेपटी. कड्याला पाणी चालते, शेपटीला मुळीच चालत नाही. शेपटी स्निग्ध असल्यामुळेच हे तेल त्वचेत सहज शिरते.

अशा दुतोंडी रेणूंची वागणूक आग्नेस पॉकेल्स यांनी जर्मनीत घरच्या स्वयंपाकघरात मोजली. ते काम १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. पाण्याच्या पृष्ठभागावर हे रेणू डोके पाण्यात व शेपटी हवेत ठेवून एकेरी थरात उभे राहतात, हे १९१७ मध्ये अर्व्हिंग लँगम्यूर यांनी दाखवले. पाण्याच्या आत मात्र शेपट्यांना हवा मिळत नाही. त्या एकमेकींना बिलगतात, डोकी बाहेरच्या बाजूला राहतात आणि थर तयार होतात.

२००१ मध्ये जॉर्ज जॉन, तोशिमी शिमिझू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये कार्डानॉलच्या कड्याला ग्लुकोज जोडले. त्यामुळे डोक्याची पाण्याशी जवळीक वाढली. गरम पाण्यात विरघळवलेला हा पदार्थ थंड होताना आधी पिळाचे तंतू बनले, मग त्या वेटोळ्यांच्या नळ्या झाल्या. त्यांचा आतला व्यास १० ते १५ नॅनोमीटर होता. साचा कसलाही नव्हता. शेपटीतल्या दुहेरी बंधांचे प्रमाण बदलले की रचनेचा आकारही बदलतो.

या नळ्या अद्याप मुख्यतः संशोधनाचा विषय आहेत. टरफलाच्या तेलाचा मोठा उपयोग आजही ब्रेकचे अस्तर, रंग आणि राळ यांसाठीच होतो.